चिमीचा विमा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब यांविषयी चार उपयुक्त गोष्टी माझ्याकडून मिळतील, अशी त्यांची अपेक्षा असावी. ३४ वर्षे इंदुरात फिजिशियन म्हणून व्यवसाय केलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी कोणती करायची? परंतु मी लिहिणार आहे ते कुत्र्याच्या विम्याविषयी. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, गेल्या वर्षभरात मंडळाच्या निरनिराळ्या कार्यक्रमांत निदान पाच-सहा सहकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "कुत्र्याचाही विमा असतो म्हणे! त्यात मिळते तरी काय हो?" प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहिलेले बरे. दुसरे कारण थोडे अवघड आहे आणि त्याचा संबंध कुत्र्यापेक्षा आपल्या, म्हणजे डॉक्टरांच्या, लेखणीशी अधिक आहे. ते ओघात येईलच.

आमच्या घरी २०१९ साली चिमी आली. लॅब्राडोर जातीची, दोन महिन्यांची, बिस्किटाच्या रंगाची. मुले शिक्षणासाठी आणि पुढे नोकरीसाठी बाहेर पडल्यावर घर फार शांत झाले होते. चिमीने ती शांतता आठवडाभरात मोडून काढली. सौ. प्रथम कुत्र्याच्या कल्पनेलाच विरोध करीत होती. पुढे तिनेच चिमीसाठी दुधीभोपळा घातलेली वेगळी खिचडी शिजवण्यास आरंभ केला. अशा घरांत पुढे काय होते, हे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

विम्याचा विषय काढला तो आमच्या कन्येने. ती अमेरिकेत असते. तिच्या मांजरीचा विमा होता आणि एका शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचा तिला चांगला उपयोग झाला होता. "बाबा, तुम्ही दोघांचा मेडिक्लेम दरवर्षी न चुकता भरता, मग चिमीचा का नको?" असा तिचा बिनतोड प्रश्न होता. त्या सुमारास, म्हणजे २०२० नंतर, आपल्याकडेही काही खाजगी कंपन्यांनी कुत्र्यांच्या आजारपणाचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च देणाऱ्या पॉलिसी बाजारात आणल्या होत्या. २०२१ मध्ये मी अशी एक पॉलिसी घेतली.

थोडा इतिहास

जनावरांचा विमा ही काही आजची कल्पना नव्हे. स्वीडनमध्ये क्लेस व्हर्जिन या गृहस्थांनी १८९० च्या सुमारास घोडे आणि गुरे यांच्या विम्याची सुरुवात केली, असे मानले जाते. त्याच देशात १९२४ साली एका कुत्र्याची पहिली पॉलिसी निघाली. ब्रिटनमध्ये ही पद्धत १९४७ साली पोहोचली. अमेरिकेतील पहिली पॉलिसी १९८२ साली निघाली, ती दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध लॅसी या कुत्रीच्या नावाने.

आपल्या देशात सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९७३ पासून झाले. त्यानंतरच्या काळात सरकारी कंपन्यांचा जनावरांचा विमा मुख्यत्वे गाई-म्हशींचा असे. कर्ज काढून घेतलेली म्हैस मेली तर शेतकऱ्याचे आणि बँकेचे, दोघांचेही नुकसान होऊ नये, हा त्यामागील हेतू. त्या विम्याचे स्वरूप सरळ होते: जनावर दगावले तर ठरलेली रक्कम मिळेल. माणसांचा मेडिक्लेम आपल्याकडे आला तो १९८६ साली. कुत्र्याचा नवा विमा हे या दोघांचे अपत्य आहे. त्याचा चेहरा मेडिक्लेमसारखा आहे, परंतु हाडापेराने तो म्हशीच्या विम्यावरच गेला आहे. हे एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे पुष्कळसे गैरसमज टळतात. कंपनीच्या दृष्टीने माणूस हा विमाधारक असतो. कुत्रा ही विमाधारकाची मालमत्ता असते.

म्हशीच्या विम्यात कानातल्या बिल्ल्याला फार महत्त्व. बिल्ला नाही तर दावा नाही, असा तेथील रोखठोक नियम. माझ्याकडे तपासणीसाठी येणाऱ्या एका दूधवाल्याची म्हैस मेली, तेव्हा तिच्या कानातील बिल्ला पूर्वीच तुटून पडलेला होता. त्याने तो जपून घरातल्या देवळीत ठेवला होता. पडल्याची सूचना कंपनीला देऊन नवा बिल्ला लावून घ्यायचा असतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याला पैसे मिळाले नाहीत. त्या वेळी मला हा नियम निर्दयपणाचा वाटला. आता वाटते की, एकीसारखी दुसरी दिसणाऱ्या म्हशींत मेलेली म्हैस कोणती, हे ठरवण्यास कंपनीपाशी दुसरा मार्ग तरी कोणता होता? कुत्र्याच्या बाबतीत हेच काम मायक्रोचिप, नाकाचा ठसा किंवा निरनिराळ्या बाजूंनी काढलेली छायाचित्रे करतात. पॉलिसी घेताना हे सोपस्कार कंटाळवाणे वाटतात. दाव्याच्या वेळी तेच उपयोगी पडतात.

काय मिळते?

प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या असतात, म्हणून मी सर्वसाधारण स्वरूपच सांगतो. पॉलिसीचा मूळ भाग बहुधा दाखल करून केलेले उपचार आणि शस्त्रक्रिया यांचा असतो. अपघात, हाड मोडणे, पोटात काही अडकणे, अचानक उद्भवलेला गंभीर आजार हे सारे त्यात येते. याला जोडून, अधिक हप्ता भरून, काही गोष्टी घेता येतात: मृत्यू आल्यास ठरावीक रक्कम, कुत्रा चोरीस गेला किंवा हरवला तर भरपाई, दीर्घकालीन आजारांचे उपचार, बाह्यरुग्ण म्हणून घेतलेला सल्ला आणि औषधे, तसेच कुत्र्याने दुसऱ्या कोणाला इजा केली तर त्या व्यक्तीस द्यावी लागणारी भरपाई.

या शेवटच्या बाबीकडे आपण सहसा दुर्लक्ष करतो. पाळलेल्या प्राण्यापासून दुसऱ्याच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. विमा हा दंड भरीत नाही आणि तुरुंगही चुकवीत नाही. फार तर, ज्याला चावा बसला त्याला कायद्याने देणे लागणारी भरपाई तो ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरतो. घरातील माणसे आणि घरचे नोकर यांना झालेली इजा त्यातून बहुधा वगळलेली असते.

मृत्यूच्या भरपाईविषयीही एक भ्रम दूर केला पाहिजे. ती रक्कम कुत्र्याच्या बाजारातील किमतीवर ठरते, आपल्या मायेवर नव्हे. रस्त्यावरून उचलून आणलेल्या देशी कुत्र्याला बाजारात किंमत नाही, म्हणून त्याच्या मृत्यूची भरपाई नाममात्रच असणार. त्याच्या उपचारांना मात्र लॅब्राडोरच्या उपचारांइतकाच खर्च येतो. म्हणून ज्यांच्या घरी देशी कुत्रा आहे, त्यांनी पॉलिसीत देशी जातींचा समावेश आहे ना, हे पाहून उपचारांच्या भागावर भर द्यावा, हे उत्तम.

काय मिळत नाही?

येथे यादी लांबते. लसी, जंतांची औषधे, दात साफ करणे, नखे कापणे, नसबंदी, प्रसूती, खास आहार या गोष्टी मूळ पॉलिसीत नसतात. कारण उघड आहे. विमा हा अनिश्चित गोष्टींचा असतो. दरवर्षी लस द्यावी लागणार हे निश्चितच आहे, तर त्याचा विमा कसला काढायचा? तो केवळ हप्त्यांनी केलेला खर्च होईल, वर कंपनीचा व्यवस्थापन-खर्च आपणच द्यायचा.

लसीने टळणारे आजार, म्हणजे डिस्टेंपर, पार्व्हो, संसर्गजन्य यकृतदाह, लेप्टोस्पायरोसिस आणि रेबीज, हे लसीकरण वेळेवर झालेले नसेल तर वगळले जातात. येथे कंपनी एका अर्थी आपल्या पशुवैद्यांचेच काम करते. लसीचे पुस्तक हरवणे म्हणजे कानातला बिल्ला हरवणे.

पॉलिसी घेतल्यानंतर काही दिवसांचा प्रतीक्षा काळ असतो. त्या अवधीत उद्भवलेल्या आजाराचे पैसे मिळत नाहीत. अपघाताला बहुधा ही अट नसते किंवा फार सौम्य असते. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारे ताप, म्हणजे एर्लिकिया आणि बबेसिया, फार आढळतात. कुत्रा मलूल दिसू लागला की विमा घेण्यास धावणारे मालकही असतात. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार. प्रतीक्षा काळाची योजना त्यासाठी आहे.

पुढचा अपवाद वयाचा. ठरावीक वयानंतर नवी पॉलिसी मिळत नाही. लॅब्राडोरसारख्या मोठ्या जातींत म्हातारपण लवकर येते, म्हणून त्यांची मर्यादाही अनेकदा अलीकडची असते. ज्या वयात विम्याची सर्वाधिक गरज भासते, त्या वयात तो घ्यावा असे मनात येऊन चालत नाही.

शेवटी सर्वांत मोठे दोन अपवाद: जन्मजात किंवा आनुवंशिक दोष आणि पॉलिसीपूर्वीपासून असलेला आजार. माणसांच्या आरोग्य विम्यात आता नियम बरेच उदार झाले आहेत. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, पूर्वीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ ठेवता येतो. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. कुत्र्याच्या पॉलिसीत मात्र पूर्वीचा आजार बहुधा कायमचाच बाहेर राहतो. मेडिक्लेमच्या सवयीने आपण येथे हमखास फसतो. मीही फसलो.

एका ओळीची गोष्ट

२०२३ च्या हिवाळ्यात चिमीला मागच्या पायांवर उठणे जड जाऊ लागले. क्ष-किरण तपासणीत खुब्याच्या सांध्यांत हिप डिस्प्लेसिया दिसून आला. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड या जातींत तो आनुवंशिक असून पुष्कळ आढळतो. सांध्याची वाटी उथळ राहते, मांडीच्या हाडाचे डोके नीट बसत नाही, पुढे संधिवात होतो. डाव्या बाजूची अवस्था अशी होती की, मांडीच्या हाडाचे डोके काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करणेच श्रेयस्कर ठरले. आमच्या पशुवैद्य डॉक्टर बाई महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या, वयाने आमच्या कन्येपेक्षा थोड्या मोठ्या, अत्यंत निष्णात. शस्त्रक्रिया उत्तम झाली. एकूण खर्च ३१,००० रुपये आला.

मी निश्चिंत होतो. विमा होता ना! दाव्याचा अर्ज भरण्यास बसलो. त्यात एक रकाना पशुवैद्यांनी भरायचा होता: लक्षणे केव्हापासून आहेत? बाईंनी त्यात लिहिले होते, "वयाच्या सातव्या महिन्यापासून मधून मधून लंगडणे." मी चमकलो. त्यांनी शांतपणे चिमीचे लसीचे पुस्तक उघडून दाखविले. २०१९ सालच्या एका पानावर, लसीच्या तारखेखाली, त्यांच्याच अक्षरात नोंद होती: धावल्यानंतर मागचा डावा पाय थोडा आखडतो, मालकांनी सांगितले. मालक म्हणजे मी. मीच सांगितले होते आणि मीच विसरलो होतो. २०२१ साली प्रस्ताव अर्जातील "पूर्वीचा काही आजार?" या प्रश्नासमोर प्रतिनिधीने "नाही" असे लिहिले आणि मी न वाचता सही केली. "सही करण्यापूर्वी वाचा हो!" हे वाक्य मी रुग्णांना किती वेळा ऐकविले असेल, याची गणती नाही.

यानंतर मी जे केले ते लिहिण्यास संकोच वाटतो, परंतु ते वगळले तर या लेखाला अर्थ राहणार नाही. मी बाईंना म्हणालो, "इतके जुने कशाला लिहायचे? गेल्या दोन महिन्यांपासून, असे लिहिले तर नाही का चालणार?"

त्या क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सर, मला नाही येणार तसे लिहिता. तुम्ही तर जाणताच." त्यांच्या आवाजात उपहास नव्हता, उपदेशही नव्हता. केवळ अवघडलेपण होते. आपल्यापेक्षा वयाने आणि अनुभवाने मोठ्या असलेल्या डॉक्टरला नकार देताना वाटते, ते.

मी अर्ज घेऊन बाहेर आलो आणि गाडीत बराच वेळ बसून राहिलो. मला एक जुना प्रसंग आठवला. वीस एक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सेवानिवृत्त शिक्षकांना हृदयविकाराचा झटका आला म्हणून माझ्याकडे आणले होते. ते बरे होऊन घरी जाण्यास निघाले. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर मी लिहिले होते, "८ वर्षांपासून मधुमेह." त्यांनीच मला तसे सांगितले होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आला. पॉलिसी तीन वर्षांपूर्वीची होती. "डॉक्टरसाहेब, तेवढे ८ चे २ करून द्या. तुमचे काय जाते?" मी नकार दिला. तो नम्रपणे पुनःपुन्हा विनवीत राहिला, शेवटी चिडला. "तुमच्या एका ओळीने आमचे ऐंशी हजार गेले," असे म्हणून निघून गेला. ते कुटुंब पुन्हा माझ्याकडे आले नाही.

त्या वेळी मी योग्य तेच केले, याविषयी मला शंका नव्हती आणि आजही नाही. परंतु त्या मुलाकडे मी पाहिले ते काहीशा तुच्छतेने. खोटे लिहायला सांगणारा माणूस, एवढेच मला त्याच्यात दिसले. बापाच्या आजाराने घाबरलेला, खिशाला खार लागलेला, एका ओळीवर सारे अडले आहे हे उमगलेला मुलगा मला दिसला नाही. तो मला दिसला २०२३ साली, गाडीच्या आरशात. माझ्यासमोर तर ऐंशी हजारांचाही प्रश्न नव्हता. एकतीस हजार रुपये मला सहज देता येत होते, तरीही मी तेच मागितले होते.

अर्ज मी जसाच्या तसा पाठविला. दावा नामंजूर झाला: आनुवंशिक दोष, शिवाय पूर्वीपासूनचा आजार आणि प्रस्तावात माहिती न देणे. तिन्ही कारणे खरी होती. मी त्याविरुद्ध कोठेही तक्रार केली नाही.

सद्भावाचे तत्त्व

विम्याच्या कायद्याचा पाया परम सद्भावावर आहे. १७६६ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी एका प्रसिद्ध खटल्यात हे तत्त्व मांडले. विमा घेणाऱ्याला जे ठाऊक असते ते विमा देणाऱ्याला ठाऊक नसते, म्हणून महत्त्वाची गोष्ट त्याने आपण होऊन सांगितली पाहिजे, असा त्याचा आशय. ही भाषा आपल्याला परकी नाही. रुग्णाने इतिहास खरा सांगितला नाही तर आपले निदान चुकते; विमेदाराने तो खरा सांगितला नाही तर कंपनीचा हिशेब चुकतो. फरक इतकाच की, आपल्या चुकीची किंमत एक रुग्ण मोजतो, तर कंपनीच्या चुकलेल्या हिशेबाची किंमत पुढच्या वर्षीच्या वाढलेल्या हप्त्यातून सर्व विमेदार मोजतात.

याचा अर्थ कंपन्या सदैव बरोबर असतात, असा मुळीच नाही. संदिग्ध शब्दांचा अर्थ त्या आपल्याला सोयीचा लावतात, हेही आपण पाहतो. अमेरिकेतील राज्यांच्या विमा आयुक्तांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२२ साली पाळीव प्राण्यांच्या विम्यासाठी एक आदर्श कायदा संमत केला. त्यात पूर्वीपासूनचा आजार कशाला म्हणावे याची व्याख्या दिली असून, तो पूर्वीचा होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे. आपल्याकडे दावा अन्यायाने नाकारला गेला, असे वाटल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. मध्यप्रदेश आणि छत्तीसगड यांचे लोकपाल कार्यालय भोपाळ येथे आहे. तेथे शुल्क नाही आणि वकिलाची आवश्यकताही नाही.

कणसाचा दांडा

विम्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर वाचक म्हणतील की, डॉक्टरांनी सारे नन्नाचेच पाढे वाचले. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या घरी भुट्ट्याच्या किसाचा बेत होता. इंदुरात श्रावण-भाद्रपदात हा बेत कोणत्या घरी नसतो? किसून उरलेले कणसांचे दांडे टोपलीत ठेवले होते. चिमीने त्यातील एक केव्हा लांबविला, हे कोणाच्याच लक्षात आले नाही. दोन दिवसांनी उलट्या सुरू झाल्या, पाणीही ठरेना. सोनोग्राफीत लहान आतड्यात अडथळा दिसला. कणसाचा दांडा पचत नाही, तो कुत्र्याच्या आतड्यात पक्का अडकतो आणि वेळेवर काढला नाही तर आतडे सडते. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी या लेखातील बाकी सारे विसरले तरी एवढे अवश्य लक्षात ठेवावे.

त्याच रात्री बाईंनी शस्त्रक्रिया केली. चिमी चार दिवस दाखल होती. या वेळी मी शहाणा झालो होतो. माझ्या पॉलिसीत ४८ तासांत सूचना देण्याची अट होती, ती पाळली. प्रत्येक बिल, प्रत्येक अहवाल, आधीचे आणि नंतरचे छायाचित्र जपून ठेवले. दाव्याच्या अर्जातील "घटना कशी घडली?" या रकान्यात टोपली उघडी राहिली, हे मी स्वतःच लिहिले.

एकूण बिल ३८,४०० रुपयांचे होते. त्यातून खास आहार, गळ्यातील शंकू, नोंदणी शुल्क आणि पावती नसलेली औषधे मिळून ४,४०० रुपये वजा झाले. उरलेल्या ३४,००० रुपयांतील २० टक्के, म्हणजे ६,८०० रुपये, माझ्या पॉलिसीप्रमाणे मी सोसायचे होते. याला को-पे म्हणतात. हाती २७,२०० रुपये आले. माझी विमा रक्कम ५०,००० रुपयांची होती, म्हणून त्या वर्षासाठी आता २२,८०० रुपयेच शिल्लक राहिले. हप्ता स्वस्त पाहून पॉलिसी घेताना को-पे, विशिष्ट शस्त्रक्रियांवरील उपमर्यादा आणि एकूण विमा रक्कम या तीन आकड्यांकडे पाहिले नाही, तर पुढे असा हिशेब अनपेक्षित वाटतो. आणखी एक गोष्ट: हे पैसे आधी आपण भरायचे आणि मागाहून मिळवायचे होते. मेडिक्लेममधील कॅशलेसची सोय गृहीत धरू नये. मेडिक्लेमच्या हप्त्यावर जुन्या करपद्धतीत मिळणारी वजावटही कुत्र्याच्या हप्त्यावर मिळत नाही.

मग विमा घ्यावा का? मला विचाराल तर, लहान वयात, कुत्रा निरोगी असताना, सर्व काही खरे लिहून घेण्यात लाभ आहे. पॉलिसी घेण्यापूर्वी पशुवैद्यांकडून एकदा पूर्ण तपासणी करून घ्यावी आणि तिचा कागद अर्जासोबत जोडावा. म्हणजे पुढे "हे आधीच होते" असे म्हणण्यास जागा राहणार नाही. ज्यांना हप्ता जड वाटतो, त्यांनी दरमहा तेवढीच रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी. मात्र पहिल्याच वर्षी कणसाचा दांडा पोटात गेला तर ते खाते पुरणार नाही, हेही जाणून असावे.

चिमी आता सात वर्षांची आहे. तोंडाभोवती पांढरे केस आले आहेत. डावा पाय अजून किंचित ओढते, परंतु सकाळी नेहरू पार्कपर्यंत चालत येते. तिच्या नावाच्या फायलीत नामंजुरीचे पत्र आणि मंजुरीचे पत्र मी एकापाठोपाठ एक लावून ठेवले आहे.

डॉक्टर मित्रहो, आपल्यापैकी प्रत्येकाकडे दर आठवड्याला कोणीतरी ८ चे २ करून मागण्यास येते. नकार तर द्यायचाच. परंतु देताना समोरच्याला खुर्ची द्यावी, दोन मिनिटे काढावीत, कोणते कलम आड येते आहे ते समजावून सांगावे, तक्रारीची वाट असेल तर ती दाखवावी. आमच्या डॉक्टर बाईंनी मला ते वागण्यातून शिकविले. त्यांनी नकार दिला, आणि नंतर दारापर्यंत येऊन चिमीला गाडीत चढवून दिले.